घरी नेलेल्या बॅटऱ्या

टपालवाला नेहमीसारखा दारातूनच ओरडला, "नोंदताई, सही!" आणि नोंदताईने चहाचा कप एका हातात तसाच धरून दुसऱ्या हाताने सही केली.

फर्निचरच्या त्या कारखान्यात तिचं खरं नाव पगाराच्या कागदापुरतं उरलं होतं. स्क्रूचं पाकीट येवो, प्लायची गाडी येवो की विजेचं बिल येवो, आवक वहीत चढल्याशिवाय ते कारखान्यात आलं असं ती मानतच नसे. कारागीर तिची थट्टा करायचे. उशिरा आलेला एखादा सुतार खिडकीतून डोकं घालून म्हणायचा, "नोंदताई, मी आलोय हो, चढवा वहीत!" आणि तीही चष्म्यावरून बघत म्हणायची, "तुमची कसली आवक? तुमची नुसती जावक!"

त्या दिवशीच्या टपालात एक बिल होतं, एक जाहिरात होती आणि एक जाडसर पाकीट होतं. कारखान्यातल्या बॅटरीवर चालणाऱ्या स्क्रू मशिनी ज्या कंपनीच्या होत्या, तिचं ते पत्र. दुसऱ्या कुणी ते तसंच फाईलला लावलं असतं. पण नोंदताईला आलेला कागद शेवटपर्यंत वाचायची खोड होती. तिने वाचलं. खालील क्रमांकांच्या बॅटऱ्यांच्या सेलमध्ये दोष आढळला आहे. चार्ज करताना, क्वचित नंतरही, त्या अचानक पेट घेऊ शकतात. वापर ताबडतोब थांबवावा. चार्ज करू नयेत. राहत्या घरात किंवा झोपायच्या जागेजवळ ठेवू नयेत. कंपनी या बॅटऱ्या परत मागवत असून बदली बॅटऱ्या विनामूल्य मिळतील, त्यास आठ ते दहा आठवडे लागतील.

तिने आवक वहीत नोंद केली, पत्रावर तारीख घातली, बारीक सही केली आणि कोठीत जाऊन एकेक बॅटरी उलटी करून क्रमांक ताडले. पंधरापैकी तेरा बॅटऱ्या यादीत होत्या. तिने पुन्हा पहिल्यापासून ताडलं. तेराच.

मालक माणूस म्हणून वाईट नव्हते, आणि या सगळ्या प्रकारात मला तेच सगळ्यात जास्त टोचतं. नोंदताईचा नवरा गेला तेव्हा महिन्याच्या आत तिला बोलावून या खुर्चीवर बसवणारे तेच. तिचे वडील त्याच कारखान्यात चाळीस वर्षं मिस्त्री होते. त्यांचं अर्धं अंग लुळं पडलं तेव्हा चालायचा वॉकर स्वतः घेऊन जिना चढून गेलेले तेच. अशा माणसाला "मालक, हे बरोबर नाही" म्हणायचं तर जीभ कुठून आणायची?

"किती म्हणालात?" त्यांनी विचारलं.

"पंधरापैकी तेरा, मालक. दोनदा ताडून बघितलं."

"आणि बदलीला?"

"आठ-दहा आठवडे."

मालकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "दवाखान्याची दीडशे कपाटं महिनाअखेर द्यायचीत. तोवर काय पोरांनी हाताने स्क्रू पिळायचे?"

"तात्पुरत्या नव्या घेतल्या तर?"

"दोन महिन्यांनी ज्या फुकट मिळणार आहेत, त्याच?" ते उठून खिडकीशी गेले. खाली कारखान्यात प्लायच्या थप्प्या होत्या, घोट्यापर्यंत भुसा होता, भिंतीला लागून पॉलिशचे डबे होते. ते बघून मात्र त्यांचा चेहरा बदलला. "इथे चार्जिंग आजपासून बंद. या भुशात एक ठिणगी पडली तर सगळ्याची राख होईल. कारागिरांना सांगू, घरी न्या आणि घरून चार्ज करून आणा."

"घरी, मालक? पत्रात तर घराचं..."

"घरी कुठे भुसा असतो? आणि घरी माणसं असतात लक्ष द्यायला. इथे संध्याकाळनंतर कोण आहे?" मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "पत्राचं इतक्यात कुठे बोलू नका. उगाच घबराट होईल, पोरं मशिनीला हात लावणार नाहीत. तुम्ही समजूतदार आहात."

समजूतदार म्हटलं की आपल्याकडे बाईचं तोंड आपोआप मिटतं. नोंदताईचंही मिटलं. तिने पत्र फाईलला लावलं, फाईल कपाटात ठेवली आणि कपाटाची किल्ली ड्रॉवरमध्ये टाकली. कारखान्यात लाकूड आहे म्हणून धोका घरी पाठवायचा, कारण घरी फक्त माणसं आहेत, हा विचार तिला खटकला नाही असं नाही. खटकला. पण त्या दिवशी तिने तो तसाच गिळला.

आता या सुतारांची एक जुनी रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पूर्वी रंधा, करवत, पटाशी हे सगळं कारागिराचं स्वतःचं असे, आणि संध्याकाळी तो हत्यारांची पिशवी खांद्याला लावून घरी जाई. हत्यार परक्या छपराखाली ठेवणारा मिस्त्री कसला, तो रोजंदारीवरचा हमाल, असं म्हणायचे. मशिनी आल्या आणि हत्यारं कारखान्याची झाली. रोज सही करून घ्यायची, रोज सही करून परत करायची. जुन्या लोकांना तो अपमान वाटायचा. मालकांना हे पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पाचही मिस्त्रींना बोलावलं. "आजपासून हत्यार पुन्हा कारागिराच्या घरी," ते म्हणाले. "प्रत्येकाची एक मशीन, तीन बॅटऱ्या, एक चार्जर. माझा विश्वास आहे तुमच्यावर."

मिस्त्रींच्या छात्या फुगल्या. नोंदताईचा थोरला भाऊ त्यांतलाच एक. वडील मोठे मिस्त्री, म्हणून याला सगळे छोटे मिस्त्री म्हणत. त्याने तर त्याच दुपारी उरलेल्या प्लायची एक पेटी केली, सांधे असे बसवले की बोट फिरवलं तर लागू नयेत, आणि आत फोमचं अस्तर लावलं. बॅटऱ्यांना धक्का बसू नये म्हणून.

घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत मोठ्या मिस्त्रींची खाट, खाटेच्या उशाशी घरातला एकमेव धड चालणारा प्लग. पेटी आली तशी म्हाताऱ्याने चांगल्या हाताने गादी थोपटली.

"इथे ठेव. माझ्या उशाशी. अरे, हत्यार घरी आलं!" त्यांचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला होता. बॅटऱ्या चार्जरला लागल्या, लाल दिवा लागला, तसे ते म्हणाले, "आमच्या रंध्याला कधी जेवायला घालावं लागलं नाही. ह्यांना बघ, रोज संध्याकाळी चारायचं."

आतून सून म्हणाली, "मग तुमच्या शेजारीच बरोबर आहे जागा. तुम्हालाही रोज संध्याकाळी चारावंच लागतं."

म्हातारा खो खो हसला. सासरा आणि सून, दोघांचं असं चालायचं. तिने त्यांचं हगणंमुतणं काढलं होतं, त्यामुळे त्या घरात तिच्या चेष्टेला कुणी आडकाठी करत नसे. सहा वर्षांची नात आजोबांच्या खाटेवर मांडी ठोकून बसे आणि दोघं दिव्यांकडे बघत राहत. "हिरवा झाला! आजोबा, हिरवा झाला!" तो त्यांचा रोजचा खेळ होऊन बसला.

तिसऱ्या दिवशी नोंदताई माहेरी आली. कामावरून सुटून दोन गल्ल्या चालत गेलं की माहेर. दारात चपला काढतानाच तिला पेटी दिसली, उशाला लागून.

"दादा, ही इथे कशाला? बाहेर गॅलरीत ठेव ना."

"गॅलरीत? कुणी उचलून नेली तर? माझ्या नावावर आहे."

"हत्यार काय बाहेर ठेवतात होय गं?" मोठे मिस्त्री म्हणाले. "वही लिहून लिहून सुताराची मुलगी असल्याचं विसरलीस?"

"तसं नाही, बाबा. गरम होतात म्हणे ह्या. वहिनी, लक्ष ठेवा हं जरा."

"वन्सं, तुमचे बाबा दिवसभर टक लावून बसतात त्यांच्याकडे," वहिनी म्हणाली. "तुमच्या दादांनी लग्न ठरवताना माझ्याकडे एवढं बघितलं नसेल!"

सगळे हसले. नोंदताईही हसली. सांगायचंच तर तोच क्षण होता. "कंपनीने परत मागवल्यात ह्या, पेटतात" एवढंच वाक्य. पण ते बोललं की दादा तडक मालकांकडे जाणार, मालक विचारणार की तुला कुणी सांगितलं, आणि पत्र वाचलेली माणसं कारखान्यात दोनच होती. खुर्ची जाणार, खुर्चीबरोबर भाड्याची खोली जाणार. शिवाय इतके दिवस कुठे काय झालं होतं? गरम होतात म्हणून सांगितलं ना आपण? सांगितलंच की.

अर्धवट सांगितलेलं सत्य हे फार सोयीचं असतं. ऐकणाऱ्याला काही कळत नाही, आणि सांगणाऱ्याला सांगितल्याचं समाधान मिळतं. त्या समाधानावर नोंदताई आणखी चौदा दिवस जगली. रोज सकाळी दादा कारखान्यात शिरताना दिसला की तिचा जीव भांड्यात पडे. मग दिवसभर ती ते विसरून जाई.

सतरावा दिवस सुट्टीचा होता. पण कपाटं मागे पडली होती म्हणून मालकांनी मिस्त्रींना अर्धा दिवस बोलावलं. छोटे मिस्त्री भरलेली एक बॅटरी मशिनीला लावून गेले. दुसरी चार्जरवर राहिली आणि तिसरी पेटीत.

घरी सुनेने दूध तापवलं, उतू जायच्या आत गॅस बंद केला, पातेल्यावर झाकण ठेवलं. धुण्याची बादली उचलली. "बाबा, वाळत घालून आले दहा मिनिटांत," ती म्हणाली. "जा गं, मी कुठे पळून चाललोय," म्हातारा म्हणाला. तिने दार ओढून घेतलं आणि मुलीला घेऊन ती गच्चीवर गेली. चादरी होत्या, पिळायला वेळ लागला. शेवटची चादर दोरीवर टाकत असताना खालून काहीतरी फुटल्याचा आवाज आला. मग पुन्हा, लागोपाठ. मग दुसऱ्या मजल्यावरची बाई जीव खाऊन ओरडली.

ती धावत खाली आली तेव्हा दाराच्या फटीतून पांढरा, उग्र वासाचा धूर येत होता. मुलीला तिने शेजारणीकडे ढकललं. दाराची कडी लोखंडी होती आणि तापली होती. तिने ती दोन्ही हातांनी धरली, खेचली, हाताची कातडी कडीला राहिली. आत खाट पेटली होती, गादी पेटली होती, आणि पेटीतून अजून ठिणग्या उडत होत्या. मोठे मिस्त्री खाटेवर नव्हते. वॉकरपर्यंत पोचायचा त्यांनी प्रयत्न केला होता. दारापासून दोन हातांवर ते पालथे पडले होते. तिने त्यांना बगलेत धरून फरफटत जिन्यात आणलं. तेव्हा श्वास चालू होता.

दवाखान्यात नेईपर्यंत तो थांबला. छोटे मिस्त्री आले ते कारखान्यातून तसेच, केसांत भुसा, आणि हातातली मशीन कुठे ठेवायची हेही त्यांना सुचेना. नोंदताई आली. तिने वडिलांचं तोंड बघितलं आणि ती भिंतीला टेकून खाली बसली. लोकांना वाटलं, मुलगी आहे, बापासाठी रडते आहे. ती रडत नव्हती. तिच्या डोळ्यांपुढे पत्रावरची स्वतःची बारीक सही होती.

संध्याकाळपर्यंत इमारतीचा निवाडा झाला होता. बाई दूध गॅसवर ठेवून गच्चीत गप्पा मारत बसली. लुळ्या माणसाला एकटं सोडून. दार ओढून. कुणी असंही म्हणालं की हगणंमुतणं काढायचा कंटाळा आला असेल. घराला आग लागली की आपल्या समाजाचं बोट कुठे वळतं ते तुम्हाला ठाऊक आहे, मी वेगळं काय सांगू? प्लग कुठला, तार कुठली, यंत्र कुणाचं, हे विचारायच्या आधी आपण विचारतो की घरची बाई कुठे होती.

कुटुंब नोंदताईच्या खोलीत राहायला आलं. वहिनीच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत पट्ट्या होत्या. नोंदताई तिला घास भरवायची, पाणी पाजायची, केस विंचरायची. आणि वहिनी म्हणायची, "किती करता वन्सं माझं. तुमचे वडील गेले आणि तुम्ही माझं करताय." प्रत्येक वेळी नोंदताईला वाटे की जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं.

छोट्या मिस्त्रींनी पहिल्या दिवशी बायकोला विचारलं, "गॅस बंद केला होतास ना?" ती म्हणाली, "केला होता." दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "नक्की?" ती म्हणाली, "नक्की." चौथ्या दिवशी त्यांनी विचारायचं सोडून दिलं आणि तिच्याशी बोलायचंही. ते भिंतीकडे तोंड करून जेवायचे. मुलगी आईच्या पट्ट्यांना हात न लावता तिच्याजवळ बसायची.

मालक येऊन गेले. सगळा खर्च त्यांनी उचलला. दवाखान्याच्या व्हरांड्यात त्यांचे डोळे खरोखर भरून आले होते, ते नाटक नव्हतं. कारखान्यात मात्र त्यांनी नोंदताईला आत बोलावून दार लोटलं.

"अग्निशमनवाल्यांपुढे परवा जबाब आहेत. घरगुती गॅस, असं आम्ही सांगितलंय. गॅसची बटणं वितळलीत, त्यांना काही ठरवता येत नाहीये. छोट्या मिस्त्रींनी तसं लिहून दिलं की विषय संपला. घर मी पुन्हा उभं करून देतो, शब्द आहे माझा."

मालकांनी दार नीट लागलंय का ते बघितलं.

"ते पत्र अजून फाईलला आहे?"

"आहे."

"जुन्या फाईली काढून टाकायला झाल्यात, नाही का?" ते थांबले. "हे बघा, मलाही कमी दुःख नाही. पण आता खरं-खोटं करून मोठे मिस्त्री परत येणार आहेत का? उलट कारखाना बंद पडेल. चाळीस घरं आहेत त्यावर. तुमच्या भावाचंही."

चाळीस घरं. त्यांतल्या चारांत अजूनही उशाशी पेट्या होत्या, हे ते बोलले नाहीत. नोंदताईलाही ते त्या क्षणी आठवलं नाही, आणि ह्याची लाज तिला पुढे आयुष्यभर वाटत राहिली. तिने फाईल पिशवीत घातली. ती जाळून टाकायला नेते आहे की जपून ठेवायला, हे तिचं तिलाही ठरवता आलं नव्हतं.

जबाबाच्या आदल्या दिवशी दुपारी ती वहिनीला वरण भरवत होती. वहिनीने मधेच मान बाजूला केली.

"वन्सं, मला एक सांगा. माणूस रोज करतो ती गोष्ट त्या दिवशी केली की नाही, हे कसं कळावं हो?" तिने पट्टी बांधलेला उजवा हात उचलला आणि हवेत एक बटण फिरवलं, न दिसणारं. "मी असा फिरवला. मला आठवतं. पण ते त्या दिवशीचं आठवतंय की आदल्या दिवशीचं? दूध तर रोजच तापवते."

"वहिनी, नका विचार करू."

"करते कुठे, होतो. रात्रंदिवस तेच." ती शांतपणे बोलत होती, आणि ते जास्त भयंकर होतं. "मी ठरवलंय. उद्या मीच सांगून टाकते, राहिला असेल गॅस चालू म्हणून. निदान ह्यांच्या डोक्यातला घोळ तरी मिटेल. कुणीतरी चुकलं असं ठरलं की माणूस रडून मोकळा होतो. ते अजून रडलेही नाहीत बघा."

नोंदताईच्या हातातला घास ताटात पडला.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता सगळे अग्निशमन केंद्राच्या कार्यालयात बसले होते. लांब टेबल, त्यावर हिरवं कापड, पलीकडे अधिकारी. अलीकडे मालक, छोटे मिस्त्री, इमारतीतले दोघं-तिघं. वहिनी शेवटच्या खुर्चीवर, दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून. अधिकाऱ्याने तिला उभं राहायला सांगितलं. ती उभी राहिली, तिने ओठ ओले केले.

"साहेब, त्या दिवशी गॅस मी..."

"थांबा वहिनी!" नोंदताई उठली. पिशवीतून फाईल काढून तिने ती हिरव्या कापडावर ठेवली. "आधी हे वाचा, साहेब."

मालक अर्धवट उठले. "नोंदताई, ही जागा नव्हे..."

"बसा," अधिकारी म्हणाला. त्याने पत्र वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं, या वेळी मोठ्याने, आणि झोपायच्या जागेजवळ ठेवू नयेत या वाक्याशी क्षणभर थबकला. "हे कारखान्यात कधी आलं?"

"आगीच्या आधी सतरा दिवस. आवक वहीत नोंद आहे."

"ही सही कुणाची?"

"माझी. क्रमांकही मीच ताडले. दादाच्या पेटीतल्या तिन्ही बॅटऱ्या यादीत आहेत. मालकांना मी सांगितलं. त्यांनी चार्जिंग कारखान्यातून घरांकडे हलवलं आणि मला गप्प राहायला सांगितलं. मी राहिले."

छोटे मिस्त्री बहिणीकडे असे बघत होते, की ती कोण हेच त्यांना ओळखू येत नव्हतं.

"तुला ठाऊक होतं?"

"हो, दादा."

"बाबांनी उशाशी ठेवून घेतली तेव्हा? तू आली होतीस. तू हसली होतीस आमच्याबरोबर."

"तेव्हाही ठाऊक होतं."

त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं, आणि आठ दिवस न फुटलेला हुंदका त्या कचेरीत फुटला. कुणी कुणाकडे बघेना. इमारतीतल्या माणसांना अचानक जमिनीवरच्या फरश्या फार महत्त्वाच्या वाटू लागल्या. मालक काहीतरी बोलू पाहत होते, पण अधिकाऱ्याने त्यांच्यापुढे कोरा कागद सरकवला होता.

वहिनी अजून उभीच होती. तिने उजवा हात वर केला आणि हवेत सावकाश एकदा फिरवला.

"म्हणजे गॅस मी बंद केला होता," ती म्हणाली.

नोंदताई तिच्या पायाशी वाकली. वहिनीने पाय मागे घेतले. तिच्या आवाजात माया नव्हती, आणि मी ती घालणारही नाही. ज्या बाईच्या हाताची कातडी गेली, सासरा गेला, स्वतःवरचा विश्वास गेला, तिने लगेच क्षमा करावी, असली अपेक्षा आपण बायकांकडून फार केली.

"पाया नका पडू," ती म्हणाली. "बाकीच्या पेट्या कुणाकुणाच्या घरात आहेत, ते तुम्हाला माहीत आहे ना? मग इथे काय करताय? जा आधी."

अधिकाऱ्याने एक जवान आणि वाळूने भरलेली लोखंडी टाकी बरोबर दिली. नोंदताई निघाली. पहिल्या घरी मिस्त्री नव्हता, त्याची बायको होती. "कंपनीने ह्या बॅटऱ्या परत मागवल्यात, पेटतात, द्या," नोंदताईने सांगितलं. ती बाई म्हणाली, "मालकांनी सांगितलंय घरीच ठेवायच्या. ह्यांना विचारल्याशिवाय मी हात लावायची नाही. ह्यांच्या नावावर आहे हत्यार." पत्र दाखवलं, तरी ती दारातून हलेना. शेवटी नोंदताई म्हणाली, "माझे वडील ह्या बॅटऱ्यांनीच गेले. पत्र माझ्याकडे होतं आणि मी सांगितलं नाही." बाई आत धावली आणि तिने प्लग उपटला.

दुसऱ्या आणि तिसऱ्या दारात नोंदताईने सुरुवातच त्या वाक्याने केली. ते वाक्य म्हणून म्हणून सोपं होईल असं तिला वाटलं होतं, ते झालं नाही.

चौथ्या घरी मिस्त्री स्वतः घरात होता. दादाचा जुना दोस्त. त्याच्या घरात पेटी भिंतीच्या कोनाड्यात होती, लाल दिवा लागलेला, आणि कोनाड्याखाली दोन मुलं एका अंथरुणावर दुपारची झोपली होती. नोंदताईचं सगळं बोलणं त्याने उंबऱ्यावर उभं राहून ऐकून घेतलं. मग तो वळून मुलांकडे बघत राहिला, आणि पुन्हा तिच्याकडे वळला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"सतरा दिवस," तो म्हणाला. "आणि मोठे मिस्त्री गेल्यावर वर आठ दिवस. रोज सकाळी तुमच्या खिडकीवरून मी आत येत होतो, नोंदताई. माझी ही पोरं इथे झोपत होती. तुम्ही मलाही नाही सांगितलंत?"

मागे उभ्या असलेल्या जवानाने टाकीचं झाकण उघडून धरलं होतं. नोंदताईने दोन्ही हात पुढे केले.

"नाही सांगितलं," ती म्हणाली. "आता द्या."